वाढीची सूचना आणि थांबण्याची सूचना

वसतिगृहाच्या मैदानावर खेळताना गुडघा फुटला नाही, असा माजी विद्यार्थी आपल्यात क्वचितच सापडेल. जखम धुतली, पट्टी बांधली आणि काही दिवसांत खपली पडून खाली नवी कातडी आली. त्या वयात आपणांस त्याचे नवल वाटले नाही. परंतु वाढण्याची सूचना पेशींना कोणी दिली आणि जखम भरताच 'आता थांबा' असे कोणी सांगितले? या दोन प्रश्नांचा येथे थोडक्यात विचार करू.

या शोधाचा आरंभ इटलीतील तुरीन शहरात झाला. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठांची दारे बंद केली. रीटा लेव्ही-मोंतालचिनी या तरुण डॉक्टरांनी तेव्हा निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली, शिवणाच्या सुयांना धार लावून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांचा अभ्यास चालू ठेवला. महायुद्धानंतर त्या अमेरिकेतील सेंट लुईस येथे गेल्या. तेथे उंदराच्या अर्बुदाचा तुकडा कोंबडीच्या गर्भावर लावला असता मज्जातंतू झपाट्याने वाढताना त्यांना दिसले. अर्बुदातून काही द्रव्य पाझरत होते. स्टॅन्ली कोहेन यांच्या साहाय्याने ते वेगळे करण्यात आले. पुढे कोहेन यांना दुसरे असेच द्रव्य सापडले. ते टोचलेल्या उंदराच्या पिलांचे डोळे तेराव्या-चौदाव्या दिवसाऐवजी सातव्याच दिवशी उघडले. अशा द्रव्यांना वृद्धिघटक म्हणतात. या कार्यासाठी दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वृद्धिघटक हे बहुधा लहान प्रथिन असते. पेशीच्या पृष्ठभागावर ते स्वीकारणारी प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. वृद्धिघटक ग्राहीला चिकटला की ग्राहीचे आतले टोक कार्यरत होते आणि एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे अशी सूचना केंद्रकातील जनुकांपर्यंत पोहोचते. निरोप्या उंबरठ्याबाहेरच थांबतो, निरोप तेवढा आत जातो. काम झाल्यावर पेशी तो ग्राही आत ओढून नष्ट करते आणि सूचना थांबते. हे थांबणे वाढण्याइतकेच आवश्यक आहे.

गर्भावस्थेत हाताच्या अंकुराच्या टोकावरील पेशी वृद्धिघटक सोडतात, म्हणून हात लांब होतो. जखम झाली की रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट असेच घटक सोडतात. त्यांच्या हाकेला तंतू विणणाऱ्या पेशी धावून येतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि कडेची त्वचा आत सरकत जाते. मधुमेहात हा क्रम बिघडतो. रक्तपुरवठा कमी पडतो, जंतुसंसर्ग टिकतो आणि सूचना क्षीण होतात. अशा जखमांसाठी वृद्धिघटक असलेले मलम उपलब्ध आहे; परंतु साखर नियंत्रणात नसेल आणि जखम स्वच्छ नसेल, तर एकट्या मलमाचा फारसा उपयोग नाही.

याउलट कर्करोगात सूचना थांबतच नाही. स्तनांच्या कर्करोगांपैकी सुमारे १५ ते २० टक्के प्रकारांत 'हर-टू' नावाचा ग्राही पेशींवर प्रमाणाबाहेर असतो. बाहेरून निरोप न येताही पेशी 'वाढा' असेच ऐकत राहते. हा ग्राही अडवणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि एकेकाळी विशेष घातक मानल्या गेलेल्या या प्रकाराच्या उपचारांचे चित्र पालटले. म्हणूनच गाठीचा तुकडा तपासताना हा ग्राही आहे की नाही, हेही पाहिले जाते. त्या चाचणीवर पुढील उपचार ठरतात.

आपल्या घरांतून आई-वडील दुखणे अंगावर काढतात, हे आपण सारे जाणतो. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री पायांचे तळवे पाहावेत आणि लहानशी जखमही विलंब न करता डॉक्टरांना दाखवावी. स्तनात गाठ जाणवल्यास, ती दुखत नसली तरी, संकोच न करता तपासणी करून घ्यावी. जे या शाळेत शिकले, त्यांनी एवढे ज्ञान तरी घरी न्यावे आणि आपल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे, अशी आमची विनंती आहे.