वायूला उसंत देणारी नळी

तिरोड्यातले सर्वांत मोठे सायलेन्सर कुठल्याही बुलेट मोटारसायकलला लागलेले नाहीत. ते एमआयडीसीतल्या औष्णिक वीज केंद्रात, बॉयलरच्या माथ्यावर असतात. ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३३०० मेगावॅट. २०१२ ते २०१४ या काळात अदानींचं हे केंद्र एकेक संच करत उभं राहिलं. पाणी वैनगंगेचं, कोळसा रेल्वेने आलेला. एवढ्या ताकदीच्या सुपरक्रिटिकल बॉयलरमध्ये वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोनशे-अडीचशे किलोच्या घरात असतो. संच सुरू करताना किंवा टर्बाइन अचानक ट्रिप झालं की ही वाफ बाहेर सोडावी लागते. ती थेट हवेत सोडली, तर पंचक्रोशीतली झोप उडेल.

म्हणून तिच्या वाटेवर एक मोठं नळकांडं बसवतात. त्याच्या तळाला बारीक भोकांचा एक भाग असतो. एका जाड झोताचे तिथे असंख्य बारीक झोत होतात, दाब टप्प्याटप्प्याने उतरतो आणि आवाज घुमणारा न राहता किनरा होतो. किनरा आवाज शोषून घेणं सोपं असतं. वरच्या रुंद भागात खनिज लोकर भरलेल्या पट्ट्या असतात, त्या हे काम करतात. उरतो तो जोरकस फूत्कार. आवाज नाहीसा होत नाही, पण वायूला पसरायला जागा मिळते आणि शांत व्हायला थोडी उसंत मिळते. सायलेन्सर नावाच्या यंत्राची सगळी विद्या एवढीच.

ही विद्या प्रथम गाजली ती बंदुकीच्या तोंडावर. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डमध्ये हायरम पर्सी मॅक्झिम नावाचा इंजिनिअर राहत होता. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम म्हणजे मॅक्झिम मशीनगनचे जनक. बापाने जगाला एकसारखी धडधडणारी तोफ दिली, आणि त्या धडधडीत त्याचे स्वतःचे कान गेले. मुलाने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. न्हाणीच्या टबातलं पाणी भोवरा करत मोरीत उतरताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. वायूलाही असंच गरगरवलं तर तो सावकाश बाहेर पडेल, हा त्याचा हिशेब होता. टपालाने मागवता येणारी ही वस्तू होती. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलीलाही मॅक्झिमचा सायलेन्सर होता. १९३४ साली अमेरिकेने बंदुकीच्या सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर बसवला. त्या काळी ही रक्कम खुद्द वस्तूच्या कितीतरी पट होती, त्यामुळे बाजार आपोआप आटला. तोवर मॅक्झिमची कंपनी इंजिनांच्या आणि कारखान्यांच्या सायलेन्सरांकडे वळलेली होती. बॉयलरवरचं नळकांडं आणि बंदुकीवरची नळी यांचं कूळ असं एकच आहे.

या कुळातलं सर्वांत लहान आणि सर्वांत सोपं लेकरू म्हणजे पॉइंट टू-टू रायफलीचा सायलेन्सर. एनसीसीत गेलेल्या कुणालाही ही रायफल ओळखीची असते. पालथं पडून, दस्ता खांद्यात रुतवून, कवायतीच्या आठवणीसकट पहिली गोळी बहुतेकांनी हिच्यातूनच झाडलेली असते.

तिचं काडतूस तळहातावर घेऊन पाहावं. जेमतेम इंचभर लांब, पितळी पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड, आणि पुढे शिशाची गोळी, बहुधा उघडीच, वर मेणाचा किंवा ग्रीसचा चिकट हात फिरवलेला. मोठ्या काडतुसात ठिणगी पाडणारी टोपी बुडाच्या मध्यभागी असते. इथे ती नाहीच. पेट घेणारा मसाला त्या पोकळ कडेत पसरवलेला असतो, आणि घोडा कडेवर आपटला की बार उडतो. रिमफायर ते हेच. झाडलेल्या पुंगळीच्या कडेवर एक छोटी चेप दिसते, तीच त्या ठोक्याची खूण. ही कड चेपण्याइतकी पातळ ठेवावी लागते, म्हणून या काडतुसाला फार दाब सोसवत नाही. १८८७ पासून चालत आलेल्या या लाँग रायफल काडतुसात गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते, आणि दारू तर ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. इतक्या थोड्या वायूला आवरायला इंचभर व्यासाची, वीतभरापेक्षाही आखूड नळी पुरते.

ती निवडायची कशी, हा प्रश्न जिथे कायद्याने पडू शकतो तिथे लोक आधी डेसिबलचे तक्ते उघडतात. माझ्या मते तिथेच चुकतात. गोळी झाडताना तीन आवाज होतात. पहिला नळीच्या तोंडातून सुटलेल्या वायूचा धमाका. दुसरा, गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने गेली तर हवेत उठणारा चाबकासारखा कडाका. तिसरा बंदुकीच्या यंत्राची खटखट. सायलेन्सरला यातला फक्त पहिला कळतो. म्हणून चांगल्यातली चांगली नळी लावूनही गोळी वेगवान असेल तर कडाका उठतोच, आणि माणूस नळीला दोष देतो.

यात हवामानही बोलतं. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. तिरोड्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५७ मीटर धावतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर तोच ३३७ पर्यंत उतरतो. साध्या वेगाचं टू-टू काडतूस गोळीला साधारण ३२५ ते ३३० मीटरचा वेग देतं, तर हाय-व्हेलॉसिटी काडतूस ३७५ च्या पुढे. म्हणजे साधी गोळी उन्हाळ्यात ऐसपैस अंतर राखून असते आणि थंडीत अगदी काठावर येते. वेगवान गोळी बाराही महिने कडाडते. शांतता हवी असेल तर पहिली खरेदी काडतुसाची. नेमबाजांनाही साधीच गोळी आवडते, पण कारण वेगळं: आवाजाच्या वेगाची वेस ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते आणि नेम बिघडतो.

यानंतर पाहायची ती सफाई. रिमफायरची गोळी उघड्या शिशाची. प्रत्येक बारागणिक शिसं, मेण आणि काजळी नळीच्या आतल्या पडद्यांवर बसते. हे पडदे म्हणजे वायूला अडवून कप्प्याकप्प्यांत फिरवणाऱ्या, मधोमध भोक असलेल्या चकत्या किंवा शंकू. काहीशे बार झाले की शिशाचा करडा थर त्यांना एकमेकांत असा घट्ट जखडतो की नळी उलटी करून हातोडी मारावी लागते. मोठ्या रायफलींच्या गोळ्यांवर तांब्याचं आवरण असतं, म्हणून त्यांचे सायलेन्सर कायमचे जोडबंद असले तरी भागतं. टू-टूचा मात्र उघडणाराच हवा. काहींत पडदे सुटे निघतात. काहींत एकाच दांड्यात सगळे कप्पे कोरलेले असतात. तो दांडा ओढला की काम झालं, पण आवाज बहुधा किंचित जास्त राहतो. दोन-तीन डेसिबलांचा फरक कानाला जेमतेम जाणवतो. जखडलेली नळी मात्र चांगलीच जाणवते.

धातूची निवड याच सफाईतून ठरते. ॲल्युमिनियम हलकं आणि स्वस्त, पण तिखट द्रावणांपुढे टिकत नाही. स्टेनलेस स्टील जड, पण कसंही घासा, कुरकुर नाही. टायटॅनियम मधलं, आणि खिशाला जड. परदेशात काही जण व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात पडदे बुडवून शिसं विरघळवतात. पडदे चकचकीत होतात खरे, पण भांड्यात उरतं ते लेड ॲसिटेट, कातडीतूनही अंगात भिनणारं विष. या धंद्यातला खरा धोका धमाक्यात नसून त्या भांड्यात आहे.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगता येतात. नळीवर टू-टू लाँग रायफल लिहिलंय की मॅग्नमही चालतं, हे पाहावं, कारण मॅग्नममध्ये दारू बरीच जास्त असते. आटे जुळायला हवेत आणि सरळ हवेत. केसभर वाकडेपणा असेल तर गोळी पडद्याला घासते. रायफलीच्या पातळ नळीच्या टोकावर शंभर-दीडशे ग्रॅम टांगले की गोळी दुसरीकडे लागते, म्हणून नेम पुन्हा बसवावा लागतो. थंड सायलेन्सरमधून पहिला बार थोडा मोठा वाजतो, कारण आतल्या हवेतल्या प्राणवायूमुळे उरलीसुरली दारू आत जळते. दुसऱ्या बारापासून तो गेलेला असतो.

पिस्तुलाचं गणित थोडं निराळं. त्याची स्वतःची नळी आखूड, त्यामुळे गोळी बाहेर पडते तेव्हा मागच्या वायूत बराच जोर शिल्लक असतो, आणि मोकळा आवाज रायफलीपेक्षा चांगलाच मोठा. रायफलीचा मोकळा बार १४० डेसिबलच्या आसपास असतो आणि नळी लावल्यावर तो वीस-पंचवीसने उतरतो. सिनेमातला ‘फुस्स’ आवाज पडद्यापुरताच. टू-टू पिस्तुलाची एक सोय अशी की बहुतेकांची नळी जागेवर पक्की असते. मोठ्या पिस्तुलांसारखी ती झुकत नाही, म्हणून जादा स्प्रिंगची भानगड लागत नाही. पण अर्धस्वयंचलित यंत्रात अडलेला वायू मागे फिरतो आणि काजळीसकट तोंडावर येतो. चष्मा लावलेला बरा.

हे सगळं कुठे उपयोगी पडतं? न्यूझीलंडमध्ये टू-टूचा सायलेन्सर दुकानातून सहज विकत घेता येतो. ससे मारणारा शेतकरी शेजाऱ्यापाजाऱ्यांची आणि स्वतःच्या कानांची काळजी म्हणून तो लावतो. आपल्याकडे मात्र हा प्रश्न पडण्याआधीच संपतो. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालच्या नियमांच्या अनुसूचीत शस्त्रांची वर्गवारी आहे, आणि बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारी साधनं तिच्यातल्या पहिल्याच, म्हणजे प्रतिबंधित वर्गात टाकली आहेत. खाजगी माणसाला ती मिळत नाहीत. मला हा नियम जाचक वाटत नाही. तिरोड्याच्या दक्षिणेला नागझिऱ्याचं जंगल आहे, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. जंगलात रात्री बार वाजला तर वनरक्षकाला निदान दिशा तरी कळते. तो आवाजही काढून घेतला तर चोरट्या शिकाऱ्याचंच फावेल. आधीच इथली शिकार बऱ्याचदा वीजतारेच्या करंटने होते, आणि तिला आवाज नसतोच.

खेळातही नळीला जागा नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजीचे नियम बंदुकीवर असली साधनं लावू देत नाहीत. आवाजाचा बंदोबस्त करायचा तो कानावर. रिमफायरच्या या खेळात महाराष्ट्राने नाव काढलं ते मुख्यतः कोल्हापूरच्या जोरावर. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं. पन्नास मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं. हे लोक नळी निवडत नाहीत, काडतूस निवडतात. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं, पण वेगवेगळ्या लॉटचं काडतूस आपल्या रायफलीत झाडून पाहतात आणि ज्या लॉटची गोळी गोळीवर बसते तोच लॉट उचलतात. कानाला मात्र दुहेरी कवच: आत फोमचा बोळा, वर मफ. बंदिस्त रेंजवर शेजारच्या लेनचा बार आपल्यापेक्षा वाईट लागतो, कारण तो कधी येईल ते आपल्याला ठाऊक नसतं.

एनसीसीच्या मुलांच्या कानांत हे बोळे दरवेळी असतातच असं नाही. ‘टू-टूच तर आहे’ म्हणून सोडून देतात. पण १४० डेसिबल हीच कारखान्यांच्या नियमांतही अचानक होणाऱ्या आवाजाची कमाल मर्यादा मानलेली आहे, आणि बोळ्यांची जोडी चहाच्या किमतीत मिळते.

आणि तिरोड्याच्या शेतात मागणी नेमकी उलटी आहे. धान लोंबीला आलं की रानडुकरांचे कळप बांध ओलांडून येतात. राखणीला बसलेल्या शेतकऱ्याला शांत बंदूक काय करायची? त्याला हवा असतो आवाज. जुन्या लोकांकडे परवान्याच्या भरमार बंदुका होत्या. ठासून बार काढला की कळप पांगायचा. निवडणूक लागली की ती बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, मग रात्रभर डबे बडवा, फटाके लावा. आता प्लास्टिकच्या पाइपाची कार्बाइडची तोफ आली आहे. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलिन तयार होतो, तो पेटला की धडाका. स्वस्त आहे, आणि पेटली नाही म्हणून आत डोकावणाऱ्याचे डोळे जातात. शिवाय डुक्कर शहाणं जनावर आहे. धडाक्यामागे गोळी येत नाही, हे त्याला आठ-पंधरा दिवसांत उमगतं. मग शेतकऱ्याला तोफेची जागा रोज बदलावी लागते, नाहीतर कुंपणाचा खर्च काढावा लागतो.