स्टेनलेसच्या जोडाला पुन्हा ताव देताय? थांबा, गंज तिथूनच सुरू होतो

धामणगाव बढे : दुधाची टाकी, रसवंतीचा टेबल, पंगतीची मोठी पातेली, मंदिराचं रेलिंग. खेड्यातल्या वेल्डिंगच्या दुकानातही आता लोखंडासोबत स्टेनलेस स्टीलचं काम येतं. काम हातात पडताना गिऱ्हाईक हमखास एक प्रश्न विचारतं, "जोड पक्का व्हावा म्हणून पुन्हा गरम करून घ्यायचा का?" आणि काही कारागीर गॅसची ज्योत फिरवून जोड लाल करूनही देतात. हेतू चांगला असतो, पण नुकसान तिथंच होतं.

ही सवय लोखंडातून आली आहे. जाड लोखंडी कामात वेल्डिंगनंतर धातूत ताण राहतो. तो काढायला कारखान्यात जोड साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि हळूहळू थंड करतात. लोखंडाला हे मानवतं. भांड्याटाक्यांच्या स्टेनलेसला, म्हणजे ३०४ ग्रेडला, नेमकं हेच तापमान घातक आहे.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियममुळे पत्र्यावर डोळ्याला न दिसणारा एक पातळ थर तयार होतो आणि तोच गंज अडवतो. त्यासाठी क्रोमियम किमान साडेदहा टक्के तरी लागतं. पण धातू ४२५ ते ८५० अंशांच्या मध्ये जास्त वेळ राहिला, की त्यातला कार्बन क्रोमियमला ओढून घेतो. धातू बारीक कणांचा बनलेला असतो. दोन कणांच्या सांध्यावर क्रोमियम कार्बाइड साचतं आणि त्याच्या आजूबाजूचं क्रोमियम कमी होतं. वरून टाकी चकचकीतच दिसते. वर्ष-दीड वर्षाने पाणी झिरपायला लागतं, तेही जोडातून नाही, तर जोडाला लागून, काही मिलिमीटरवर, जोडासोबत धावणाऱ्या रेषेत. मग दोष रॉडला किंवा पत्र्याच्या कंपनीला दिला जातो.

मग यावर उपाय म्हणून ताव द्यायचाच नाही का? कारखान्यात देतात, पण तो वेगळा. अख्खी वस्तू भट्टीत १०४० अंशांच्या वर नेतात, साचलेलं कार्बाइड पुन्हा विरघळू देतात आणि लगेच पाण्यात झपाट्याने थंड करतात, म्हणजे ४२५ ते ८५० चा टप्पा पटकन ओलांडला जातो. हातातल्या ज्योतीने हे जमत नाही. जोड १०५० अंशांना नेला, तरी त्याच्या शेजारी कुठंतरी ६००-७०० अंशांचा पट्टा राहतोच. म्हणजे खराब जागा फक्त थोडी सरकते. आणि पातळ पत्र्याची टाकी एवढी तापली तर वाकडी होते, ते वेगळंच.

म्हणून ३०४ च्या रोजच्या कामाला वेल्डिंगनंतर ताव लागत नाही. सावरायचं असतं ते आधी. पातळ पत्रा पटकन थंड होतो, तिथं भीती कमी. जाड पत्र्याला ३०४एल घ्यावा. त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच असतो, साध्या ३०४ मध्ये तो ०.०८ पर्यंत जाऊ शकतो. रॉड किंवा वायर ३०८एल. करंट कमी ठेवावा, एका थरावर लगेच दुसरा थर चढवू नये. जोडाजवळ पाण्याचा थेंब टाकून तो तडतडला, तर अजून थांबावं. हवं तर ३०४ चा जोड ओल्या फडक्याने थंड केला तरी बिघडत नाही. लोखंडावर हात बसलेल्या माणसाला हे उलटं वाटेल, पण आहे तसंच.

जोडाशेजारी जे निळे-काळे डाग पडतात, ते दिसायला खराब एवढंच नाही. त्यांच्या खालचा थरही कमजोर झालेला असतो. ते काढावेत, पण लोखंडावर वापरलेल्या ब्रशने नव्हे. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि दोन पावसांत लाल ठिपके येतात. ब्रश स्टेनलेसचाच आणि वेगळा ठेवावा. डाग काढायच्या पेस्टमध्ये बहुधा हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीतून आत हाडापर्यंत जातं आणि जळजळ कधी कधी काही तासांनी सुरू होते. हातमोजे आणि चष्म्याशिवाय डबा उघडूच नये. कातडीला लागलंच तर भरपूर पाण्याने धुवून थेट दवाखाना गाठावा.

एका ठिकाणी मात्र ताव लागतोच. बोअरच्या मोटारीचा शाफ्ट अनेकदा ४१० ग्रेडचा असतो. झिजला की तो वेल्डिंगने भरून घेतात. हा ग्रेड गरम होऊन झपाट्याने थंड झाला तर काचेसारखा कडक होतो आणि चिरतो. त्याला आधी २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवून घ्यावं लागतं, वेल्डिंगनंतर सावकाश थंड होऊ द्यावं लागतं आणि मग ६५० ते ७५० अंशांवर पुन्हा ताव द्यावा लागतो. पाण्यात बुचकळायचा तर अजिबात नाही. ओळख सोपी : ४१० ला चुंबक घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाही.

पण चुंबकावर सगळं सोडू नका. स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त आणि कार्बन ०.१५ टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे जोडाशेजारी गंजायची शक्यता आणखी वाढते. घरातल्या रेलिंगला २०२ चालून जाईल, दूध-पाण्याच्या टाकीला नको. बिलावर नुसतं 'एसएस' न लिहिता ग्रेड लिहून मागावा.

पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांच्या भागात, हे जास्तच लक्षात ठेवायला हवं. तिथल्या खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड कमजोर जागा आधी शोधतं. सोलर हीटरमध्ये तर पाणी ६० अंशांच्या वर जातं, आणि तेवढ्या गरम खाऱ्या पाण्यात ताण राहिलेला ३०४ चा जोड नीट वेल्ड केलेला असला तरी तडकू शकतो. अशा ठिकाणी आतून काचेचा लेप असलेली टाकी विचारावी.