चेहरा दिसतो, काकडी दिसत नाही

आर्चिम्बोल्दो या इटालियन चित्रकाराने सोळाव्या शतकात फळाभाज्यांची माणसं रंगवली. नाकाच्या जागी काकडी, कानाच्या जागी मक्याचं कणीस. संशोधकांनी ही चित्रं ‘सी. के.’ या रुग्णाला दाखवली. त्याला चेहरा लगेच दिसला, पण तो कशाकशाचा बनलाय हे कळेना. अपघातात डोक्याला मार बसल्यापासून साध्या वस्तू नुसत्या पाहून ओळखणं आणि वाचणं त्याला जड जात होतं. चेहरे मात्र तो इतर कुणाहीइतके सहज ओळखायचा. मॉरिस मॉस्कोविच आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे प्रसिद्ध केलं. याच्या नेमके उलटे रुग्णही आढळतात: वस्तू ओळखतात, पण घरच्या माणसाचा चेहरा ओळखत नाहीत. त्याच वर्षी नॅन्सी कॅनविशर यांच्या गटाने मेंदूच्या तळाकडच्या भागात, चेहरा पाहताच विशेष सक्रिय होणारी जागा एफएमआरआय या मेंदूतली सक्रियता टिपणाऱ्या तंत्राने दाखवली.

म्हणजे मन हे स्वतंत्र विभागांचं बनलंय का? तत्त्वज्ञ जेरी फोडर यांनी १९८३ साली ही कल्पना नीट मांडली. उदाहरणार्थ, म्युलर-लायर या दृष्टिभ्रमाच्या आकृतीतल्या, टोकांना उलटसुलट बाण असलेल्या दोन रेघा पट्टीने मोजून सारख्या निघाल्या, तरी डोळ्यांना त्या लहान-मोठ्याच दिसत राहतात. आपल्याला झालेलं ज्ञान पाहण्याच्या यंत्रणेपर्यंत पोहोचतच नाही. पण फोडर यांनी हे इंद्रियं आणि भाषेपुरतंच म्हटलं होतं. विचार, निर्णय यांचे वेगळे विभाग नसतात, असं त्यांचं मत. पुढे लीडा कॉस्मिडिस, जॉन टूबी या उत्क्रांतीवादी मानसशास्त्रज्ञांनी अख्खं मनच उत्क्रांतीने घडवलेल्या असंख्य विभागांचं ठरवलं, तेव्हा फोडर यांनी त्याला कडाडून विरोध केला.

मला फोडर यांचा सावधपणा पटतो. वाचनाचंच बघा. स्तानिस्लास देहान आणि लोराँ कोएन यांनी अभ्यासलेली अक्षरं ओळखणारी जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. लिपी फ्रेंच असो वा चिनी, साधारण त्याच ठिकाणी. लिहिण्याची कला मात्र जेमतेम पाच हजार वर्षांची. एवढ्या काळात उत्क्रांती वाचनासाठी वेगळा भाग घडवू शकत नाही. ही जागा शिकण्यातून तयार होते, निरक्षर माणसात ती अशी घडलेली नसते. म्हणून मेंदूत एखादं काम ठरावीक जागी होताना दिसलं, एवढ्यावरून ते जन्मजात ठरत नाही.

चेहऱ्यांचं काय? हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांच्या प्रयोगशाळेने माकडाची काही पिल्लं एकही चेहरा न दाखवता वाढवली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, त्यांच्या मेंदूत हात ओळखणारे भाग तयार झाले होते. चेहरे ओळखणारे झालेच नव्हते.