नाताळाआधीचा पाव तास

डिसेंबर उजाडला की बाजारात केक, चांदण्या आणि लाल टोप्या दिसू लागतात, आणि नाताळ सुरू झाला असंच सगळ्यांना वाटतं. चर्चच्या दिनदर्शिकेत मात्र २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत नाताळ सुरू झालेला नसतो. तोवर आगमनकाळ चालू असतो. वेदीवर फादरांचा झगा जांभळा असतो, रविवारच्या मिस्सेत गौरवगीत म्हणत नाहीत. ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं. हे राखून ठेवणं मला या काळाचा प्राण वाटतं, आणि ते जपायला घरातली रोजची छोटी प्रार्थना लागते. रविवारच्या मिस्सेवर ते भागत नाही.

नाताळाआधीचे चार रविवार मोजले की आगमनकाळाचा आरंभ सापडतो. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. २०२३ मध्ये चौथा रविवार थेट २४ डिसेंबरलाच आला आणि हा काळ जेमतेम २२ दिवसांचा झाला. तिसऱ्या रविवारी जांभळ्याच्या जागी गुलाबी रंग चालतो, कारण निम्मी वाट सरलेली असते.

हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या लावायची रीत आज आपल्याकडेही अनेक घरांत आहे. तिचा उगम हॅम्बुर्गमधला. तिथे योहान हिनरिख विखेर्न हा पाळक गरीब, निराधार मुलांचं वसतिगृह चालवत असे. नाताळ कधी येणार म्हणून मुलं रोज विचारत. १८३९ मध्ये त्याने लाकडी चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या आणि इतर दिवसांसाठी छोट्या मेणबत्त्या बसवल्या. रोजच्या प्रार्थनेच्या वेळी एक नवी मेणबत्ती पेटे. मुलांना दिवस मोजता आले आणि प्रार्थनेची सवयही लागली. आज उरल्या त्या रविवारच्या चारच. छोट्या गेल्या याची मला खंत वाटते, कारण रोजचेपणा त्यांच्यातच होता.

रोज काय वाचायचं आणि कसं? लोयोलाचे संत इग्नेशियस यांची पद्धत मला सगळ्यात जवळची. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात ते साधकाला नासरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट डोळ्यांसमोर आणायला सांगतात. ती किती लांब, किती रुंद, सपाट आहे की दऱ्याडोंगरांतून जाते, ते पाहायचं. शंभर किलोमीटरहून मोठी ही वाट आणि मरियेला दिवस भरत आलेले. पुढे ते म्हणतात की जन्माच्या ठिकाणी आपणही आहोत असं समजायचं, एका गरीब नोकरासारखं, मरिया आणि योसेफ यांना लागेल ते हातात द्यायला. हे मनन घरात कुणालाही जमतं. पाणी कुणी आणलं, दिवा होता का, जनावरं कुठे बांधली, असं मुलांना विचारून पाहा. पाच मिनिटांत ती गोठ्याच्या आत पोहोचतात.

याच इग्नेशियस यांच्या संघातले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांच्या या ग्रंथाचं पहिलं पुराण जुन्या कराराचं, म्हणजे तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या पिढ्यांचं. येशूचा जन्म येतो दुसऱ्या पुराणात. आधी वाट पाहायची आणि मग पाळणा, हा क्रम मराठी ख्रिस्ती वाचकाच्या हाती चारशे वर्षांपूर्वीच आला होता.

१७ डिसेंबरपासून सूर बदलतो. २३ तारखेपर्यंत सायंप्रार्थनेत रोज येशूला एका वेगळ्या नावाने हाक मारली जाते. ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल. त्यात उगवत्या प्रकाशाची हाक येते २१ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास. गोव्यातल्या स्वयंपाकघरांत नेवऱ्या आणि दोदोलची धांदल उडते तीही याच आठवड्यात. घाईत निदान त्या दिवसाची हाक एकदा मोठ्याने म्हणावी आणि अर्धा मिनिट गप्प राहावं. तेवढ्यानेही दिवस सांभाळला जातो.

ज्यांना ठरलेली वाचनं सापडत नाहीत त्यांच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे लूककृत शुभवर्तमान. त्याचे अध्याय २४, म्हणून १ डिसेंबरपासून रोज एक. पहिला अध्याय मोठा, ८० वचनांचा, पण त्यात जखऱ्या भेटतो. देवदूतावर विश्वास न बसल्याने त्याची वाचा जाते, आणि मुलगा जन्मेपर्यंत त्याला गप्प राहावं लागतं. बाळाचं नाव तो पाटीवर लिहून सांगतो. जीभ सुटल्यावर त्याच्या तोंडून आधी निघते ती देवाची स्तुती. आगमनकाळात रोज थोडा वेळ मौन का पाळायचं, ते या म्हाताऱ्या याजकाकडून शिकावं.

या क्रमाने वाचलं तर जन्माचा अध्याय दुसऱ्याच दिवशी येऊन जातो. २४ तारखेच्या रात्री समोर येते ती रिकामी कबर, आणि अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांना भेटलेला अनोळखी वाटसरू. काहींना हे खटकतं. ते त्या रात्री दुसरा अध्याय पुन्हा वाचतात. मला मात्र मध्यरात्रीच्या मिस्सेला निघण्याआधी अम्माऊसचीच गोष्ट हवी असते, कारण गव्हाणीत निजलेलं बाळ मोठं होऊन कोण झालं, ते तिथे भाकर मोडताना कळतं.