अंकोलाचं बी झाडाकडे परत जात नाही

परदेशातल्या बागांचे फोटो पाहून आपल्या अंगणातही डॉगवूड असावं असं वाटणं साहजिक आहे. पण अमेरिकेतलं ते प्रसिद्ध झाड, कॉर्नस फ्लोरिडा, थंड हिवाळ्याच्या मुलखातलं. कोल्हापूरची हवा त्याला मानवणार नाही. ज्या पांढऱ्या पाकळ्यांचं कौतुक होतं त्या पाकळ्या नसतातच. ती छदं, म्हणजे रूप बदललेली पानं असतात. खरी फुलं मधल्या बारीक, हिरवट झुपक्यात.

त्याचे भाऊबंद भारतात नाहीत, हाही एक गैरसमज. हिमालयात भमोरा आहे. गढवालात त्याची लाल फळं माणसंही खातात. महाराष्ट्रातल्या कोरड्या पानझडी रानात अंकोल आहे. पूर्वी त्याला वेगळ्या कुळात ठेवत, आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला डॉगवूडच्याच कॉर्नेसी कुळात धरतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला निष्पर्ण फांद्यांवर सुगंधी पांढरी फुलं येतात. मागाहून जांभळट-काळी फळं धरतात. फळाच्या टोकावर निदलांचा मुकुट, आत चिकट गर आणि एकच बी.

या झाडाभोवती दंतकथा भरपूर. अंकोलाच्या तेलात भिजवलेली आंब्याची कोय डोळ्यांदेखत रुजते, ही एक. गळून पडलेलं बी आपणहून परत खोडाला जाऊन चिकटतं, ही दुसरी. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘शिवानंदलहरी’त भक्तीची उपमा म्हणून ही दुसरी कथा आली आहे. उपमा म्हणून सुंदरच, पण बियांना ओढणारी अशी कुठलीही शक्ती खोडात नाही. उलट झाडाचा सगळा खटाटोप बी दूर जावं यासाठी असतो. आईच्या सावलीत रोपाला ऊन आणि पाणी कमी पडतं. फळातला गर ही बी वाहून नेणाऱ्याला दिलेली मजुरी आहे. कॉर्नस फ्लोरिडाच्या फळांत चरबी भरपूर असते, म्हणून शरदात दक्षिणेकडे निघालेले पक्षी त्यांच्यावर तुटून पडतात.

तिसरा समज मात्र जिवावर बेतणारा. पिसाळलेला कुत्रा चावला की अंकोलाचं मूळ उगाळून देतात. मुळाच्या सालीत इमेटिनसारखी अल्कलॉइडं असतात, त्यांनी उलट्या होतात. रेबीजचा विषाणू मरत नाही. जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायची आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठायचा. लक्षणं दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

माणूस खात नाही ते फळ बिनकामाचं, असं आपण सहज म्हणतो. राधानगरी अभयारण्यात हा हिशेब टिकत नाही. दाजीपूरचा हा भाग १९५८ साली गव्यांसाठी राखीव झाला, त्यामुळे नाव झालं ते गव्याचं. पण रान पसरवतात ते फळखाऊ. बुलबुलाच्या चोचीत न मावणारी फळं धनेश सहज गिळतो आणि बी लांबवर टाकतो. उदमांजराच्या विष्ठेत तर अख्ख्या बिया दिसतात. फळ खाणारा प्रत्येक जण बी पेरतो असंही नाही. आपला राज्यपक्षी हरियल उंबर, वड आवडीनं खातो, पण त्याच्या पोटात बऱ्याचशा बिया दळल्या जातात. पोटातून गेल्याशिवाय बी उगवतच नाही, हेही सरसकट खरं नव्हे. पुष्कळदा गर निघाला की पुरतं; रोपवाटिकेत गर धुऊन बी पेरतात ते त्यासाठीच.

झाड लावलं की पक्षी आलेच, हा शेवटचा भ्रम. गुलमोहर आणि गिरिपुष्पाच्या शेंगा कोरड्या. फळखाऊ पक्ष्याला त्यात गर मिळत नाही. आपल्या जिल्ह्यात मुळात काय उगवतं हे पाहायचं तर डॉ. श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आहे. शिवाजी विद्यापीठानं तो २००२ साली काढला. शेताच्या बांधावर जागा असेल तर पावसाच्या तोंडाला करवंद, तोरण, उंबर आणि कोरड्या माळाकडे अंकोल लावा. रोपं रोपवाटिकेतून घ्या, अभयारण्यातून बी उचलू नका. कायद्यानं त्याला बंदी आहे.