नेहमीच्या शाळेत स्वमग्न मुलांसाठी कक्ष उभारताना

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नोंदलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, आहे. शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, असं या कायद्याचं कलम १६ सांगतं. प्रवेश आता मिळू लागले आहेत. पण पुढे बरीच मुलं शाळेत टिकत नाहीत, कारण परिपाठाचा भोंगा, अचानक वाजणारी घंटा किंवा ऐनवेळी बदललेला तास त्यांना सोसत नाही. त्यांच्यासाठी शाळेतच एक सुसज्ज कक्ष उभारता येतो. तो कसा, ते क्रमाने पाहू.

आधी जागा. अडगळीची खोली नको. इतर वर्गांच्या जवळची, पण मैदान, घंटा आणि पोषण आहार शिजतो ती जागा यांपासून लांब असलेली खोली निवडावी. लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइट बदलाव्यात, भिंतींवर तक्त्यांची गर्दी करू नये. खोलीचे तीन भाग करावेत: एकट्याने काम करायला भिंतीकडे तोंड असलेलं टेबल, तिघाचौघांनी बसायची सतरंजी आणि मन शांत करायला एक कोपरा. या कोपऱ्यात मुलाला शिक्षा म्हणून कधीही बसवू नये.

मग माणसं. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला विशेष शिक्षक हवाच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दर १० आणि त्यापुढे दर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं आहे. सोबत मदतनीस असावा, पण शिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलू नये. मुलाचं नाव त्याच्या वर्गाच्याच हजेरीत राहावं.

त्यानंतर मुलाची ओळख. स्वमग्नतेच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापनश्रेणीत ४० मुद्दे असतात. त्यातून स्वमग्नतेची तीव्रता कळते, पण उद्या वर्गात काय शिकवायचं ते कळत नाही. त्यासाठी आईवडिलांशी बोलावं: मूल कशाने घाबरतं, कशात रमतं, भूक लागली की काय करतं? पहिले काही दिवस नुसतं निरीक्षण करावं आणि मगच वैयक्तिक आराखडा लिहावा. त्यात दोन-तीनच उद्दिष्टं असावीत, तीही डोळ्यांना दिसतील अशी. ‘संवाद सुधारणे’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘तहान लागल्यावर पाण्याचं चित्र देऊन पाणी मागेल’ असं लिहावं.

कक्षातलं सर्वांत उपयोगी साधन अगदी स्वस्त आहे. पुठ्ठ्याची एक उभी पट्टी घ्यायची आणि तिच्यावर वेल्क्रोने चित्रं लावायची: परिपाठ, गणित, खिचडी, चित्रकला, घर. काम संपलं की मूल स्वतः ते चित्र काढून खालच्या ‘झालं’ या पाकिटात टाकतं. आता काय आणि यानंतर काय, हे त्याला न विचारता कळतं. गणिताच्या बाई रजेवर असतील तर तास सुरू होण्याआधी, मुलाच्या देखत, चित्र बदलायचं. या मांडणीमागे एरिक शॉपलर यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात १९७२ मध्ये उभारलेल्या ‘टीच’ कार्यक्रमाचा विचार आहे.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा: वर्गात जाणं. मुलाला ज्यात गती आहे, त्या विषयाच्या तासाने सुरुवात करावी. पहिल्यांदा दहाच मिनिटं बसवावं आणि मूल थकण्याआधी परत आणावं. ‘मला बाहेर जायचंय’ असं कार्ड त्याच्या बाकावर असावं. त्याने ते दाखवलं की शिक्षकांनी प्रश्न न विचारता जाऊ द्यावं. वेळ हळूहळू वाढवत न्यावी.

शिपाई, स्वयंपाकीण ताई, रिक्षावाले काका या सगळ्यांना चार गोष्टी शिकवाव्यात: छोटं वाक्य बोला, उत्तरासाठी थांबा, डोळ्यांत बघण्याचा आग्रह धरू नका, न विचारता अंगाला हात लावू नका.

प्रत्येक सत्राअखेर विशेष शिक्षक, वर्गशिक्षक आणि पालकांनी एकत्र बसून आराखडा तपासावा. मूल वर्गात किती वेळ रमलं आणि त्याच्यासाठी वर्गाने आपल्या पद्धतीत काय बदललं, हे दोन प्रश्न तिथे विचारलेच पाहिजेत. मुलं दिवसभर कक्षातच बसून राहत असतील, तर ती शाळेच्या आवारातली वेगळी शाळाच झाली. मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने ते होऊ देऊ नये.