लाकडात सैल होणारे खिळे व बोल्ट : खानदेशी बैलगाडीच्या आधाराने

जळगाव व धुळे जिल्ह्यांत बैलगाड्यांची संख्या आता पुष्कळ घटली असली, तरी जेथे त्या वापरात आहेत तेथे आखाजीच्या सुमारास एक तक्रार हटकून ऐकू येते. चाकाची लोखंडी धाव सैल झालेली असते, सांगाड्याचे बोल्ट खुळखुळत असतात आणि फळ्यांचे खिळे डोके वर काढू लागतात. मालक नट आवळतो, खिळा पुन्हा ठोकतो आणि दुरुस्ती झाली असे समजतो. पुढील उन्हाळ्यात तोच सांधा पूर्वीपेक्षा अधिक सैल झालेला आढळतो. यावरून लोखंड वाईट होते असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः दोषाचे मूळ लोखंडात नसून लाकडाच्या ओलाव्यात आहे.

१. लाकडाची हालचाल

लाकूड भोवतालच्या हवेतील आर्द्रतेनुसार पाणी घेते व सोडते. ओलाव्याचे प्रमाण सुमारे २८ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरले की ते आकसू लागते. हे आकुंचन सर्व दिशांना सारखे नसते. तंतूंच्या लांबीत ते नगण्य असते. तंतूंना आडव्या दिशेने मात्र ते लक्षणीय असते. साग हे तुलनेने स्थिर लाकूड मानले जाते. तरीही पूर्ण ओल्या स्थितीपासून पूर्ण कोरड्या स्थितीपर्यंत ते वाढवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते.

खानदेशचे हवामान या गुणधर्माची कसोटीच पाहते. मे महिन्यात तापमान ४२ अंश सेल्सियसच्या वर जाते व दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. अशा हवेत दीर्घकाळ राहिलेल्या पातळ फळीतील ओलावा ४ ते ५ टक्क्यांवर येऊ शकतो. श्रावणातील दमट हवेत तोच १६ टक्क्यांच्या आसपास पोचतो. जाड तुळईत हा फेर कमी पडतो. तो सरासरी ८ टक्के धरणे वावगे ठरणार नाही.

२. सैलपणाचे माप

प्रत्येकी ७५ मिलिमीटर जाडीची दोन सागवानी लाकडे एकमेकांवर ठेवून १२ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टने आवळली आहेत असे समजू. बोल्टच्या पकडीतील लाकडाची एकूण जाडी १५० मिलिमीटर झाली. वरील दोन्ही दिशांची सरासरी घेतल्यास ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे आकुंचन सुमारे ०.१५ टक्के येते. म्हणजेच ८ टक्के ओलावा कमी झाल्यास जाडी १.८ मिलिमीटरने घटते. या बोल्टच्या प्रचलित आट्यांतील अंतर १.७५ मिलिमीटर असते. तात्पर्य, नट स्वतः तसूभरही न फिरता जणू एक पूर्ण फेरा उलट फिरल्यासारखा सांधा सैल होतो. दुसरा नट घालून पहिल्याला अडविण्याचा उपाय येथे निष्फळ का ठरतो, हे यावरून ध्यानात येईल. त्याने नटाचे फिरणे थांबते, लाकडाचे आकसणे थांबत नाही.

३. आवळण्यातील धोका

उन्हाळ्यात जोराने आवळलेला सांधा पावसाळ्यात फुगू पाहतो. बोल्ट फारसा ताणला जात नाही. त्यामुळे वॉशरखालील तंतू चिरडले जातात. पुन्हा उन्हाळा आला की लाकूड या चिरडलेल्या स्थितीपासून पुढे आकसते, आणि पोकळी गतवर्षीपेक्षा वाढते. लाकडात रुतलेल्या वॉशरचे वर्तुळ ही या क्रियेची खूण होय. चाके पाण्यात भिजवून धाव घट्ट करण्याची जुनी रीतही याच न्यायाने तात्पुरती ठरते. भिजलेले लाकूड धावेवर दाबले जाते, तंतू चेपतात, आणि वाळल्यावर धाव अधिकच सैल होते.

यावर साधा उपाय म्हणजे दाब पसरविणे. १२ मिलिमीटर बोल्टच्या नेहमीच्या गोल वॉशरखाली सुमारे ३२० चौरस मिलिमीटर लाकूड येते. ५० मिलिमीटर बाजूच्या चौकोनी पत्र्याखाली त्याच्या सातपट येते. असा पत्रा दोन्ही बाजूंस घालून, तो लाकडात रुतू न देता केवळ घट्ट बसेल इतकेच आवळावे, आणि ऋतू पालटताना सांधा पुन्हा तपासावा.

४. भोकाची दुरुस्ती

खिळ्याची व स्क्रूची गोष्ट निराळी आहे. त्यांची पकड सर्वस्वी तंतूंवर अवलंबून असते. ओल्या लाकडात ठोकलेला खिळा लाकूड वाळल्यावर आपल्या पकडीचा तीन चतुर्थांशापर्यंत भाग गमावू शकतो. शिवाय ओल्या लाकडातील लोखंड गंजते, आणि गंजातून सुटणारे लोह भोवतालच्या तंतूंना दुर्बल करते. भोकाभोवतीचा काळसर डाग हे त्याचे लक्षण होय.

अशा भोकात काडी कोंबून तोच खिळा ठोकणे ही सार्वत्रिक परंतु सदोष रीत आहे. काडीचे तंतू भोकाच्या दिशेनेच धावतात; खिळा त्यांना समांतर शिरतो आणि पकड तोकडी राहते. योग्य क्रम असा : खिळा काढून कुजलेला व काळवंडलेला भाग गिरमिटाने स्वच्छ करावा, त्याच जातीच्या सुक्या लाकडाचे बूच, त्याचे तंतू मूळ लाकडाच्या तंतूंना समांतर राहतील असे कापून, पाण्यात न विरघळणाऱ्या सरसाने बसवावे, सरस वाळल्यावर बारीक भोक पाडून जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू घालावा. जेथे भार मोठा आहे, तेथे स्क्रूऐवजी आरपार बोल्टच इष्ट. कूज खोलवर गेली असल्यास लाकूड बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

५. समारोप

हेच नियम अन्यत्रही लागू पडतात. मोटारीमागे नौका वाहून नेणाऱ्या गाड्यांवर नौकेचा तळ लाकडी आधारांवर टेकलेला असतो. नौका उतरविताना ते आधार पाण्यात बुडतात व पुढे उन्हात वाळतात. खानदेशातील गाडी वर्षातून एकदा जे सोसते, ते त्यांना प्रत्येक सफरीत सोसावे लागते. तेथे तळ खरचटू नये म्हणून बोल्टचे डोके लाकडात खोल बसवावे लागते, त्यामुळे डोक्याखाली उरणारे लाकूड आणखी कमी होते आणि वरील दक्षता अधिकच आवश्यक ठरते.

सारांश, सैल बोल्ट हा केवळ आवळण्याचा विषय नाही. तो लाकडाने त्या ऋतूत किती पाणी घेतले वा सोडले, याची नोंद असतो. ती नोंद न वाचता पाना हाती घेणारा आजचा खडखडाट थांबवितो, परंतु उद्याचा वाढवून ठेवतो. आणि भरल्या गाडीचा सांधा वाटेत निखळला, तर त्याची किंमत बैलांना व गाडीवानाला मोजावी लागते.